जाळी कोरडी, गच्ची ओली

नव्याने केलेल्या गच्चीची पाहणी करण्यासाठी मला बोलावण्यात आले, तेव्हा पाऊस थांबून दोन दिवस उलटून गेले होते आणि ही गोष्ट माझ्या पथ्यावरच पडली. पाऊस पडत असताना कोणत्याही सपाट छपरावर पाणी दिसते, तो उघडल्यावर काही तास रेंगाळले तरी फारसे बिघडत नाही. परंतु 48 तासांनंतरही ते तिथेच असेल, तर खोट उतारात आहे असे आम्ही धरून चालतो. जुना थर उखडून, नवा कोबा, म्हणजे उतार देणारा सिमेंटचा थर, घालून त्यावर डांबरी मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारी चादर, चिकटवलेल्या या गच्चीवर सुमारे 15 चौरस मीटरचे डबके शांतपणे पसरलेले होते. पाणी बाहेर नेणारी जाळी मात्र खडखडीत कोरडी होती आणि तिच्यावरची धूळसुद्धा हललेली नव्हती.

"साहेब, सपाट गच्चीवर थोडे पाणी राहतेच," असे कंत्राटदार म्हणाले. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्यावर वाद घालणे मी सोडून दिले आहे. पाण्याची सरासरी खोली 20 मिलिमीटर भरली, म्हणजे तेवढ्या जागेत 300 लिटर पाणी, अर्थात 300 किलो वजन, स्लॅबच्या नेमक्या दबलेल्या भागावर अहोरात्र बसून होते.

मी पिशवीतून पातळी मोजायची पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली; तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर थांबते. डबक्याच्या सर्वांत खोल जागेपासून जाळी चार मीटरवर होती. मीटरमागे किमान 10 मिलिमीटर उतार धरला, तर जाळीची कड त्या जागेपेक्षा 40 मिलिमीटर खाली असायला हवी होती. नळीतले पाणी स्थिरावले तेव्हा ती 42 मिलिमीटर वर असल्याचे दिसले. खात्री म्हणून दुसऱ्या बाजूनेही माप घेतले, पण फरक तसूभरही पडला नाही.

असे का झाले हे समजायला फार खोदावे लागले नाही. कोबा घालताना उतार आखून देणारी दोरी लावलीच नव्हती. स्लॅबचा जुना खोलगटपणा भरून न काढता त्यावर सर्वत्र सारख्या जाडीचा थर ओढण्यात आला होता, त्यामुळे खालचा खड्डा जसाच्या तसा वर आला. जाळीपाशी तर उलटेच घडले होते. तिथे मुख्य मेम्ब्रेन, त्यावर ठिगळ, त्यावर आणखी एक तुकडा आणि शेवटी चौकट बसवण्यासाठी थापलेले सिमेंट, असे थरावर थर चढत गेले आणि जी जागा सर्वांत सखल असायला हवी, तिचा उंचवटा झाला.

मग मी मेम्ब्रेनच्या पट्ट्या जिथे एकमेकींवर चढतात त्या सांध्यांकडे वळलो. सांधा नीट वितळवून दाबला, तर त्याच्या कडेने डांबराची बारीक सलग रेघ बाहेर येते. इथे ती दोन-तीन ठिकाणीच होती. डबक्यालगतच्या सांध्यात मी बोथट थापीचे टोक हलकेच सरकवले, तर ते वहीच्या पानांमध्ये जावे तसे आत गेले. 100 मिलिमीटरच्या जोडात जेमतेम कडेची दोन बोटे चिकटलेली होती. कठडा आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्याला सिमेंटची गोलाई, म्हणजे वाटा, न देता मेम्ब्रेन काटकोनात मुडपल्यामुळे तिच्यामागे पोकळी राहिली होती. हे सारे असूनही लांबून गच्ची देखणी दिसत होती, हे कबूल केले पाहिजे. वरचा रुपेरी रंग अगदी एकसारखा लागला होता.

खालच्या खोलीतली ओल या सांध्यापासून बरीच दूर उमटली होती आणि म्हणूनच आधी दोनदा भलत्याच जागी ठिगळे मारण्यात आली होती. मेम्ब्रेनखाली शिरलेले पाणी कोब्यातून वाट काढत जाते आणि स्लॅबला जिथे बारीक भेग सापडेल तिथे उतरते. डागाच्या बरोबर वर गळतीची जागा शोधणे बहुधा व्यर्थ ठरते.

कंत्राटदारांना अजूनही पटलेले दिसत नव्हते, म्हणून त्यांच्याच माणसाला जाळीच्या कडेला बादलीभर पाणी ओतायला सांगितले. थोडे आत गेले. उरलेले सगळे आमच्या पायांजवळून वळसा घेत डबक्याकडे निघाले. कंत्राटदार मिनिटभर पाहत राहिले आणि मग त्यांनी एवढेच विचारले, "जाळीपुरते तोडून भागेल का?"

"नाही," मी म्हणालो, "कोब्यापासून सगळे पुन्हा करावे लागेल, आणि या वेळी दोरी आधी."