भारीतला ट्रान्झिस्टर टाकला आणि स्टेशनं गेली

एप्रिलमधली दुपार, सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीये, सात रस्त्याजवळच्या माझ्या दुकानात पंखासुद्धा गरम हवाच फेकत होता, आणि एक रिटायर्ड काका घरी बनवलेला 40 मीटरचा (म्हणजे 7 मेगाहर्ट्झच्या आसपासचं हॅम रेडिओवाल्यांचं बोलणं ऐकायचा) रिसीव्हर पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात घेऊन आले. "बघ रे बाळा, चांगला चालत होता, भारीतला ट्रान्झिस्टर टाकल्यापासून स्टेशनं गेली, नुसती शिट्टी येतीय, आणि हात जवळ नेला की ती पण बदलतीय."

उघडून बघितलं तर आरएफ स्टेजला, म्हणजे अँटेनाचा सिग्नल वाढवणाऱ्या भागात, बीसी547 ट्रान्झिस्टरच्या जागी 2एससी3355. बीसी547 कसाबसा 300 मेगाहर्ट्झपर्यंत सिग्नल वाढवणारा, हा साडेसहा गिगाहर्ट्झपर्यंत! त्यात दोघांची पिनांची (एमिटर, बेस, कलेक्टर) रांग वेगळी, म्हणून काकांनी पाय लांब ठेवून, स्लीव्ह घालून, एकमेकांवरून क्रॉस करून बसवलेले, एमिटरचा पाय तर चांगला दोन सेंटिमीटर. आता एक सेंटिमीटर वायर म्हणजे साधारण 10 नॅनोहेन्री, 7 मेगाहर्ट्झला ती अर्धा ओहमसुद्धा नाही, पण 700 ला 44 ओहम होते, म्हणजे तिथे ती वायर राहतच नाही, कॉइल होते.

माझ्या 20 मेगाहर्ट्झच्या स्कोपवर सगळं स्वच्छ, पण इतक्या वरचं त्याला दिसतच नाही. म्हणून अँटेना काढली, ऑसिलेटरचा सप्लाय तोडला, जर्मेनियम डायोडचा प्रोब (आरएफ असेल तर मीटरवर व्होल्ट दाखवणारा) कलेक्टरला लावला, तरी अर्धा व्होल्ट! आत काहीच येत नाही आणि बाहेर आरएफ, म्हणजे स्टेज स्वतःच ओरडत होती, स्वतःच सिग्नल तयार करत होती. एमिटरच्या 220 ओहमच्या रेझिस्टरवरचे 1.1 व्होल्टसुद्धा बोट नेलं की हलायचे.

आधी कलेक्टरला फेराइट बीड (वरची फ्रिक्वेन्सी अडवणारा छोटा मणी) घातला, कमी झालं पण थांबलं नाही. मग बेसमध्ये 22 ओहमचा रेझिस्टर, पण तो जरा लांब ट्रॅकवर लावला गेला, काही फरक नाही. मग ट्रान्झिस्टर काढून कॉपरक्लॅडच्या (तांब्याचा थर असलेल्या बोर्डाच्या) तुकड्यावर पाय आखूड कापून बसवला, एमिटरला चिप कपॅसिटर थेट ग्राउंडवर, आणि तोच 22 ओहम बेसच्या पायाला अगदी चिकटवून. प्रोबवर शून्य. बोट लावलं तरी 1.1 चे 1.1.

काकांना सांगितलं, 7 मेगाहर्ट्झला बीसी547 भरपूर होता हो, हा ठेवायचा तर असाच ठेवावा लागेल.

संध्याकाळी गच्चीवर वायर टाकली, 7.1 मेगाहर्ट्झच्या आसपास दोघं बोलत होते, एकदम स्वच्छ. काका हेडफोन काढेनात, मी शटर अर्धं ओढून तिथंच बसलो.