पीक कापणी प्रयोग : खुंटी नेमकी कुठे ठोकायची

पीक विम्याचे पैसे कमी आले की आमच्या विदर्भात पहिला प्रश्न ठरलेला, अख्ख्या महसूल मंडळाचं (म्हणजे काही गावांच्या गटाचं) उत्पन्न दहा-बारा वावरांवरून कसं काय काढता? विम्यासाठी हे उत्पन्न ठरतं ते पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे निवडलेल्या वावरातला आखलेला तुकडा कापून त्याचं वजन करून. प्रश्न रास्तच आहे, पण वावरं किती घेतली यापेक्षा ती निवडली कशी हे आधी विचारायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

निवड टप्प्याटप्प्याने होते. आधी गावं, मग सर्व्हे नंबर, मग वावरातला तुकडा, आणि सगळीकडे रँडम नंबर, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखा, कुणाच्या मर्जीने न ठरणारा आकडा. रस्त्याला लागून आहे, मालक ओळखीचा आहे म्हणून घेतलं हे चालत नाही. वावराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, नंबर सांगेल तितकी पावलं लांबीत अन् रुंदीत टाकायची आणि जिथे पोचाल तिथेच खुंटी. तिथून बऱ्याच पिकांना १० बाय ५ मीटरचा प्लॉट दोरीने आखतात. आता ती जागा कधी जोमदार निघते, कधी पाणी साचून पिवळी पडलेली, आणि मग बांधावरून आवाज येतो, "भाऊ, थोडं तिकडं सरका ना". सरकलात की संपलं, मग तो नमुना त्या वावराचा राहत नाही, सरकवणाऱ्याच्या मर्जीचा होतो.

प्लॉट एवढा मोठा का, याचं उत्तर आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मेंनी दिलं. बंगालात दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस छोटी गोल कापणी करायचे, वेळ आणि पैसा वाचायचा. सुखात्मेंनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं की प्लॉट फार लहान असला की उत्पन्न फुगून येतं, कारण दोरीवरचं झाड आत की बाहेर हा प्रश्न पडला की हात आपोआप ते आत घेतो. हिशोब करून बघा ना, १ बाय १ मीटरला १ चौरस मीटरमागे ४ मीटर कड येते, १० बाय ५ ला फक्त ६० सेंटिमीटर. आणि ही चूक प्लॉटांची संख्या वाढवून जात नाही हो, हजार छोटे प्लॉट घेतले तरी हजार वेळा तीच चूक, त्याच दिशेने! संख्येवर भांडणाऱ्यांना मी हेच सांगत असतो.

तुमच्या वावरात प्रयोग लागला तर हजर राहा, रँडम नंबर कोणता आला विचारा, पावलं मोजताना सोबत चाला आणि वजन काटा तुमच्यासमोर झाल्याशिवाय सही करू नका.