जे दवाखान्यात येत नाहीत, त्यांचा श्वास

फुप्फुसांच्या चाचणीत समोरच्या माणसाला छाती भरून श्वास घ्यायला सांगावे लागते आणि तो एका दमात, जोर लावून, निदान सहा सेकंद बाहेर सोडायला लावावे लागते. पहिली फुंकर बहुधा वाया जाते; ओठ नळीभोवती घट्ट मिटलेले नसतात किंवा तिसऱ्याच सेकंदाला माणूस थांबतो. ‘अजून, अजून, सोडत राहा’ असे म्हणत मी पडद्यावरची रेघ सपाट होण्याची वाट पाहते. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार, असलेल्या माणसाची रेघ लवकर सपाट होतच नाही, कारण अरुंद झालेल्या श्वासनलिकांतून हवा रेंगाळत बाहेर पडत असते. त्यांतील कित्येकांनी ही चाचणी आयुष्यात प्रथमच केलेली असते. जिना चढताना लागणारा दम त्यांनी वयाच्या खात्यावर टाकलेला असतो.

या माणसांसाठीच सर्वसामान्य लोकांमध्ये जाऊन अभ्यास करावा लागतो. सीओपीडी आणि स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडणे, हे दोन्ही एकाच व्यक्तीत असण्याला श्वसनविकारतज्ज्ञ डेव्हिड फ्लेनली यांनी १९८५ मध्ये ‘ओव्हरलॅप सिंड्रोम’ हे नाव दिले. दवाखान्यात असे रुग्ण इतके भेटतात की, एक आजार दुसऱ्याला ओढून आणतो अशी कोणाचीही खात्री व्हावी. परंतु एक आजार असलेल्यापेक्षा दोन आजार असलेला माणूस डॉक्टरांकडे जाण्याची शक्यता अधिक असते, आणि त्यामुळे ही जोडी तिथे आहे त्याहून दाट भासते. अमेरिकेतील ‘स्लीप हार्ट हेल्थ स्टडी’मध्ये सहा हजारांहून अधिक लोकांची झोप त्यांच्या घरीच नोंदवली गेली; २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, श्वासमार्गात सौम्य अडथळा असलेल्यांमध्ये स्लीप अ‍ॅप्नियाचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले नाही. मात्र ज्यांना दोन्ही होते, त्यांच्या रक्तातील ऑक्सिजन रात्री अधिक घसरत होता. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण दोन आजारांचा कार्यकारणसंबंध नसला तरी त्यांची गाठ पडणे धोक्याचे असू शकते, हे त्यातून उघड होते.

हे आजार किती जणांना असतात, या आकड्यांबाबत मात्र सावध राहावे लागते. झोपेत तासाला १५ किंवा अधिक वेळा श्वास अडणे वा मंदावणे ही मर्यादा धरली, तर १९९३ च्या अमेरिकेतील विस्कॉन्सिन अभ्यासात सुमारे ९ टक्के पुरुष त्यात मोडले, आणि २०१५ च्या स्वित्झर्लंडमधील लोझान येथील अभ्यासात जवळजवळ ५० टक्के. दुसऱ्या अभ्यासातील माणसे वयाने मोठी होती, संवेदक अधिक तीक्ष्ण होते आणि मंदावलेला श्वास मोजण्याचे निकषही निराळे होते. सीओपीडीचेही तसेच आहे: पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी असणे, ही एकच रेषा सर्व वयांना लावली, तर वृद्धांमध्ये निरोगी माणसेही रुग्ण ठरतात.

अशा अभ्यासाच्या प्रश्नावलीतील एका प्रश्नाची मला विशेष काळजी वाटते: ‘झोपेत तुमचा श्वास थांबतो, असे कोणी सांगितले आहे का?’ याचे उत्तर शेजारी झोपणाऱ्यालाच ठाऊक असते. एकटे राहणारे लोक क्षणभर विचार करून ‘नाही’ म्हणतात, आणि तेव्हा मी थांबून पुन्हा विचारते: ‘रात्री घरात दुसरे कोणी असते का?’ कोणी नसेल, तर ‘नाही’ खोडून ‘माहीत नाही’ लिहिते आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर त्यांच्या हाती देते.