इसवी सन १२३ ची वीट आणि माझा कॅमेरा

ओस्तियात भिंती फार आहेत. फिरायला आलेल्याला त्याचं कौतुक वाटतं. ज्याच्या गळ्यात त्या भिंतींचे फोटो काढून नोंदवायचं काम पडतं, त्याला धडकी भरते. तिबेर नदीच्या मुखाशी असलेलं हे रोमचं जुनं बंदर. गाळ साचत साचत समुद्र तीनेक किलोमीटर लांब गेला, १५५७ च्या पुरात नदीनं पात्रही बदललं, आणि मागे राहिलं ते बहुतेक सगळं भाजक्या विटेचं. घरं, दुकानं, स्नानगृहं, धान्याची कोठारं, जिकडे बघाल तिकडे तीच पातळ, चपटी वीट.

मे महिना होता. पहिल्या तासाभरात, गर्दी व्हायच्या आत, नेपच्यूनच्या स्नानगृहाचा मोझेक उरकला. पांढऱ्या जमिनीवर काळ्या खड्यांनी काढलेले चार समुद्री घोडे आणि त्यांच्या मागे देव. मी कोल्हापूरचा. ब्रह्मपुरीच्या खोदकामात मिळालेला काशाचा छोटा पोसायडन शाळेच्या सहलीत टाउन हॉल संग्रहालयात पाहिला होता. देव तोच, तिथे ग्रीक नावानं आणि इथे रोमन. त्यामुळे या मोझेकवर माझे दोन-चार फोटो नेहमीच जास्त निघतात.

खरं काम कोठारांच्या ओळीत होतं. एकाला एक लागून खोल्या, मापं सारखी, दारं सारखी, परांचीसाठी सोडलेली चौकोनी भोकंसुद्धा एका रांगेत. इथे देखणा फोटो कुणाला नको असतो. भिंत समोरून, कॅमेरा सरळ, कडेला मीटरची पट्टी, उत्तरेचा बाण, रंगपट्टी आणि खोलीचा क्रमांक लिहिलेली पाटी, एवढं हवं. प्रत्येक फ्रेममध्ये आधीच्या फ्रेमचा साठ-सत्तर टक्के भाग पुन्हा यायला हवा, तरच पुढे संगणकावर फोटो जुळवून भिंतीचं त्रिमितीय रूप उभं राहतं. सोबत एक इटालियन विद्यार्थिनी होती. ती नोंदवहीत वेळ आणि खोली लिहायची आणि अधूनमधून स्वतःच्या कॅमेऱ्यावर आमचं काम टिपायची.

साडेअकराच्या सुमारास मी बॅटरी बदलली. माझ्या कॅमेऱ्यातली घड्याळाची छोटी बॅटरी कधीच मेली होती आणि मला ते ठाऊक होतं. पडद्यावर 'तारीख भरा' असं आलं. ऊन सरकत होतं, दोन खोल्यांवर अजून सावली होती. जेवताना बघू म्हणून बटण दाबलं. जेवताना अर्थातच विसरलो.

दुपारी एका पडक्या कोपऱ्यात विटेचा तुकडा दिसला. हात न लावता, आहे तिथेच त्याचा फोटो घेतला. वर गोल ठसा होता, अर्धा झिजलेला, पण पेतिनुस आणि अप्रोनियानुस या कॉन्सुलांच्या, म्हणजे ज्यांच्या नावानं रोमन लोक वर्ष ओळखत त्या अधिकाऱ्यांच्या, नावांची आखूड केलेली अक्षरं लागत होती. हे दोघे कॉन्सुल होते ते वर्ष म्हणजे इसवी सन १२३, सम्राट हेड्रियनचा काळ. त्या वर्षाच्या ठशाच्या विटा रोम आणि ओस्तियात पुष्कळ मिळतात.

रात्री लॅपटॉप उघडला. त्या विटेच्या फोटोची तारीख होती १ जानेवारी, पहाटेचे चार. वीट भाजणाऱ्यानं आपलं वर्ष चोख नोंदवलं होतं.

दुपारच्या तीनशेच्या वर फ्रेम तशाच निघाल्या. पाटी होतीच की, असं म्हणत एक फ्रेम मोठी करून पाहिली. पाटी लॅमिनेट केलेली. ऊन तिच्यावर असं चकाकलं होतं की मार्करची अक्षरं पार धुऊन गेली होती. एक्स्पोजर खाली आणून पाहिलं, काही उपयोग नाही. बरं, खोल्या ओळीनं घेतल्या असत्या तर मोजून काढता आल्या असत्या. पण ऊन आलेली खोली सोडायची, पुढची घ्यायची, सावली आली की परत मागे यायचं, असं दिवसभर चाललेलं.

ओस्तियाच्या फोटोसंग्रहात बसलेल्या माणसाला या चुकीची भीती वेगळीच वाटते. १९४२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी १९३८ पासून इथे झपाट्यानं उत्खनन झालं. शहराचा केवढा तरी भाग चार-पाच वर्षांत उघडा पडला आणि नोंदी मागे राहिल्या. युद्धामुळे प्रदर्शन झालंच नाही. अशा घाईनंतर कुठली भिंत कुठल्या अवस्थेत सापडली हे शोधताना अजून घाम निघतो. त्या लोकांना मी मनात बरीच नावं ठेवली होती. त्या रात्री ती सगळी परत घेतली.

घड्याळ चुकीचं असलं तरी चालत होतं. म्हणजे फोटोंमधली अंतरं बरोबर होती. एका फ्रेमची खरी वेळ कळली की बाकीच्या आपोआप लागणार होत्या, आणि नोंदवहीतून खोली. ती एक फ्रेम मिळेना. अकरा वाजता विद्यार्थिनीनं तिचे फोटो पाठवले. त्यात १२.४७ ला मी दारात वाकलेलो, आणि माझ्या पायापाशी शेपूट वर करून एक करडं मांजर. ओस्तियात मांजरं पुष्कळ.

माझ्याकडे ११८ नंबरच्या फ्रेममध्ये, डाव्या कोपऱ्यात, पट्टीच्या मागे करडी शेपूट होती. खराब म्हणून ती फ्रेम मी जागेवरच पुसणार होतो, बॅटरी वाचवायला पुसली नाही इतकंच. दोन्ही फोटोंत मीटरच्या लाल-पांढऱ्या पट्टीची सावली एकाच विटेच्या कडेला टेकलेली. जुळलं.

तरी दुसऱ्या दिवशी छापील फोटो घेऊन पुन्हा गेलो. प्रत्येक खोलीत एक तुटकी वीट किंवा एक भेग धरून ताडून पाहिलं. दोन खोल्यांची अदलाबदल झाली होती, ती सुधारली. परतताना काळी पाटी आणि खडू घेतला.

नोंदतक्त्यात 'वेळेचा आधार' असा एक रकाना असतो. तिथे मी प्रामाणिकपणे लिहिलं : 'मांजर, फ्रेम ११८'. संग्रह सांभाळणाऱ्या बाईंनी ते वाचलं, चष्मा वर केला, आणि फक्त रंगही लिहायला सांगितला.