देवाची फुले फुलदाणीत कशाला?

घरी येणारे बहुतेकजण हे विचारतात. काही प्रेमाने, काही देवघराकडे नजर टाकून. देवाला तगरीची चार फुले आणि पडवीतल्या फुलदाणीत एवढा सोनटक्का, असे का? आजवर मी दर वेळी वेगळे उत्तर दिले आहे, म्हणून एकदा नीट लिहिते.

पूर्वी मी म्हणत असे की फूल झाडावरही कोमेजतेच, मग घरात का नको? हे पटण्यासारखे आहे, पण पुरेसे नाही. परडीत पडणारे फूल नुसते खुडलेले असते. फुलदाणीला दांडा लागतो आणि दांड्याबरोबर पुढच्या कळ्याही जातात. सासूबाईंचा आक्षेप नेमका हाच होता. "फूल खुडावं, फांदी तोडू नये," असे त्या म्हणत, आणि मी त्यांना शास्त्र ऐकवीत असे: दांडा उन्हे चढण्याआधी कापावा, पाण्यात बुडणारी पाने काढावीत, टोक पाण्याखाली धरून पुन्हा तिरके छाटावे म्हणजे आत हवा अडकत नाही, पाणी रोज बदलावे. सोनटक्क्याचे एकेक फूल जेमतेम दिवसभर टिकते, परंतु निगा राखली तर त्याच कणसातल्या कळ्या पुढे काही दिवस पाण्यातही उमलत राहतात. हे सारे खरे आहे. त्यांच्या म्हणण्याला मात्र ते उत्तर नव्हते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आदळले आणि इथे केळशीत आमच्या आगरातल्या पोफळी एकीवर एक आडव्या झाल्या. वारा उतरल्यावर मी मागील दारी गेले, तर विहिरीजवळचा अनंत मुळांसकट उपटून पडलेला. तो सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या पावसात लावलेला होता. मुळांना ओली वाळू चिकटली होती, वरची पाने फाटली होती, पण जमिनीकडे दबलेल्या फांद्यांवरची सात फुले धड होती आणि एक कळी अर्धवट उकललेली, पाकळ्यांचा पीळ तसाच, टोकाशी हिरवट. घराची निम्मी कौले उडाली होती, तांदूळ भिजले होते, दीर आणि शेजारी ताडपत्री ओढत होते. आणि मी कात्री आणून दांडे कापत बसले. पडवीतून सासूबाईंनी विचारले, "सगळी कापलीस?" मी म्हटले, "झाड गेलंच आहे, आई." त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

वीज नव्हती. रात्री कंदिलाच्या उजेडात मी कळशीतले ते दांडे तीनदा मांडले, कारण त्या घरात माझ्या हाताने सरळ उभे राहील असे तेवढेच होते. अंधारात घरभर वास होता. तिसऱ्या दिवशी फुले हळदीच्या डागासारखी पिवळी पडली आणि सासूबाईंनी कळशी बाहेर ठेवायला सांगितली. त्यानंतरच्या आठवड्यात शेजाऱ्यांनी त्यांचा पडलेला चिकू छाटून, उभा करून, टेकू देऊन पुन्हा मातीत बसवला आणि श्रावणात त्याला पालवी फुटली. आमच्या अनंताची मुळे तोवर उघड्यावर वाळून गेली होती. त्या संध्याकाळी मी त्या झाडाशी अर्धा तास होते, आणि मुळांवर ओले गोणपाट टाकावे हे मला सुचले नाही. मला फुले दिसत होती. ज्याला फुलांची मांडणी येते त्याला झाड कळतेच, असे मी तोवर मानीत होते.

म्हणून ते दांडे कापणे चूक होते, असेही मी म्हणणार नाही. झाड उभे केले असते तरी फांद्या छाटाव्याच लागल्या असत्या. सासूबाई पुढच्या वर्षी गेल्या. हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मलाही धीर झाला नाही.

सोनटक्का, कर्दळ, नेचे मी अजूनही कापते, आणि यापुढेही कापीन. विहिरीजवळ आता छाटापासून वाढवलेला नवा अनंत आहे. त्याला मी कात्री लावलेली नाही. यंदा मृगाच्या पावसात त्याला नऊ फुले आली. तीन देवाला खुडली. उरलेली झाडावरच पिवळी पडत गेली, आणि ती कापून घरात आणायला हवी होती, असे रोज सकाळी वाटत राहिले.