क्योटोच्या चौकीतले ते दोघे

जपानहून परतल्यापासून बडोद्याच्या दांडिया बाजारात भेटेल तो मला क्योटोच्या देवळांबद्दल विचारतो. देवळं अप्रतिमच आहेत, त्यांच्याबद्दलही लिहायचं आहे. पण तिथल्या पोलिसांबद्दल आधी लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. माझे थोरले बंधू आज सकाळी कमाटीबागेत फिरून आले, ते ज्यांच्यामुळे, त्यांत जसे डॉक्टर आहेत तसेच एका छोट्याशा चौकीतले दोन पोलीसही आहेत.

दादांचं जपानचं वेड जुनं. सयाजीराव महाराज 1910 साली जपान पाहून पुढे अमेरिकेला गेले होते. महाराजांच्या परदेशवाऱ्यांच्या गोष्टी आमच्या घरात आजोबांपासून चालत आलेल्या. दादा कॉर्पोरेशनमधून निवृत्त झाले, गुडघे अजून साथ देत होते, तेव्हा वहिनींनीच ठरवलं की आता जायचं. सोबतीला मी. नोव्हेंबर निवडला, कारण तेव्हा क्योटोत मेपलची पानं लाल होतात आणि हवा अंगाला सोसेल इतकीच गार असते.

त्या दिवशी सकाळी आम्ही सांजुसांगेन्दो पाहिलं. जवळपास 120 मीटर लांब लाकडी देऊळ, सध्याची वास्तू 1266 सालची, आणि आत कान्नोन या बौद्धांच्या करुणादेवतेच्या 1001 मूर्ती ओळीने उभ्या. आपल्याला जवळच्या वाटतात त्या मात्र त्यांच्यापुढच्या 28 रक्षक देवता. त्यांत इंद्र आहे, ब्रह्मदेव आहे, आणि चोच असलेला, बासरी वाजवणारा गरुड आहे. वहिनी गरुडापुढे हात जोडून किती तरी वेळ उभ्या राहिल्या. आत फोटो काढायला बंदी आहे, म्हणून तो गरुड दादांनी बाहेर येऊन वहीत रेखाटला. त्यांचा हात तेव्हा उत्तम चालत होता. हे मुद्दाम सांगतो आहे.

दुपारी कामो नदीच्या काठावर बसलो. सांजो पुलाच्या आसपास तरुण मुलं-मुली, सायकली, पाण्यात बगळे. नोव्हेंबरात तिथे पाचच्या आधीच सूर्य मावळतो, त्यामुळे चारच्या सुमाराला ऊन पिवळं झालं होतं. वहिनींनी दादांचा हसताना एक फोटो काढला. मग आम्ही उठून पुलाकडे निघालो आणि काही पावलांवरच दादा एका बाजूला कलायला लागले. मला वाटलं, दगडाला ठेचकाळले. सावरायला गेलो तर त्यांच्या उजव्या हातातली टोपी गळून पडली. ते काहीतरी म्हणाले ते मला कळेना. ओठाचा उजवा कोपरा खाली आला होता.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या वडिलांना लकव्याचा झटका आलेला त्यांनी पाहिला होता. "भावजी, धावा," एवढंच त्या म्हणाल्या.

कुठे धावायचं? बडोद्यात असतो तर हात आपोआप 108 कडे गेला असता. गुजरातमध्ये ती सेवा 2007 पासून आहे, आणि आमच्या गल्लीत शेंबडं पोर सांगेल तो नंबर. इथे माझ्या हातात फोन होता आणि डोकं रिकामं होतं. मग पुलापलीकडे लाल दिवा दिसला. जपानमध्ये गल्लोगल्ली छोट्या पोलीस चौक्या असतात, त्यांना कोबान म्हणतात. दारावर लाल दिवा, आत भिंतीवर आसपासच्या वस्तीचा मोठा नकाशा, आणि दोन-तीन पोलीस. आदल्याच संध्याकाळी आम्ही तशाच एका चौकीत रस्ता विचारला होता. म्हणून मी तिकडे धावलो.

आत पन्नाशीचे एक पोलीस आणि एक तरुण मुलगी, तीही गणवेशात. मी काय बोललो ते मला आठवत नाही. इंग्रजी, हिंदी, बहुधा मराठीही. तोंडाची एक बाजू हाताने खाली ओढून दाखवली, उजवा हात लुळा सोडून दाखवला. त्या गृहस्थांना कळलं. त्यांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, खिशातली वही काढून काहीतरी टिपलं आणि मग फोन उचलला. मनात आलं, अहो, लिहिताय काय, आधी फोन करा. त्या टिपणाची किंमत मला तासाभराने कळली.

जपानमध्ये पोलिसांचा नंबर 110 आणि अग्निशमन व अँब्युलन्स दोन्हींचा 119. अँब्युलन्स अग्निशमन दलाचीच असते आणि तिचे पैसे घेत नाहीत, परदेशी पाहुण्याकडूनही नाही. फोन झाला तसे ते दोघेही माझ्याबरोबर धावत आले. त्यांनी दादांना कुशीवर नीट निजवलं, डोक्याखाली स्वतःचं जाकीट घडी करून ठेवलं, भोवतीच्या माणसांना हटवलं. वहिनी बाटली उघडून दादांच्या तोंडाला पाणी लावायला निघाल्या, तर त्या मुलीने फार हळुवारपणे त्यांचा हात धरला आणि मान हलवली. झटका आलेल्या माणसाला गिळता येत नसेल तर पाणी श्वासनलिकेत जातं. आपल्याकडे पहिली धाव पाण्याच्या तांब्याकडेच असते, म्हणून हे इथे लिहून ठेवतो.

मग तिने फोनवरच्या भाषांतराच्या सोयीने वहिनींना हिंदीत विचारलं, "आपने इनको आख़िरी बार बिल्कुल ठीक कब देखा?" वहिनींना काही सुचेना. मग त्यांनी फोन उघडून तो हसणारा फोटो दाखवला. त्यावर वेळ होती 3 वाजून 56 मिनिटं. पन्नाशीच्या गृहस्थांनी तीही वहीत उतरवली. त्याच्या खाली आधीच लिहिलेलं होतं: मी चौकीत शिरलो ती वेळ, 4 वाजून 8 मिनिटं.

अँब्युलन्स लगेच आली. तिघे जण उतरले, दादांना आत घेतलं, आणि गाडी जागची हलेना. माझा जीव घशाशी आला. खिडकीतून दिसत होतं, एक जण सारखा फोनवर बोलतोय. तेव्हा त्या पोलीस गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून फोन पुढे केला, त्यातून हिंदी वाक्य ऐकू आलं: ते रुग्णालयांना विचारत आहेत की मेंदूचे डॉक्टर आत्ता हजर आहेत का, इथे आधी विचारूनच नेतात, घाबरू नका. हे कोणी सांगितलं नसतं तर मी त्या अँब्युलन्सवाल्यांशी भांडायला उतरलो असतो. तिथली पद्धतच तशी आहे. पोचल्यावर "आमच्याकडे सोय नाही" ऐकण्यापेक्षा आधीची दोन मिनिटं परवडली.

मी दादांबरोबर बसलो. वहिनी मागे राहिल्या, कारण औषधं हॉटेलवर होती.

रुग्णालयात दादांना थेट तपासणीला नेलं. थोड्या वेळाने तरुण डॉक्टर बाहेर आले, इंग्रजी बरं बोलत होते. ते म्हणाले, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी दिसते. ती विरघळवण्याचं इंजेक्शन आहे, पण लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि जितकं लवकर तितकं मेंदूचं वाचतं. वेळ मोजायची ती मात्र झटका लक्षात आला तेव्हापासून नाही, तर माणूस ठणठणीत असल्याचं नक्की माहीत आहे त्या शेवटच्या क्षणापासून. तो क्षण माहीत नसेल तर डॉक्टरांचे हात पुष्कळदा बांधले जातात. मला विचारलं असतं तर मी "चार, साडेचार असेल" म्हणालो असतो. मला विचारण्याची गरजच पडली नाही. ते गृहस्थ अँब्युलन्सच्या मागोमाग रुग्णालयात आले होते, आणि वहीचं ते पान त्यांनी डॉक्टरांपुढे धरलं होतं.

दुसरा प्रश्न अवघड होता. दादा कोणती औषधं घेतात? मी सांगितलं, बीपीची आणि रक्त पातळ करायची. डॉक्टर थबकले. कुठलं औषध? मला नाव ठाऊक नव्हतं, आणि आपल्याकडच्या कंपनीचं नाव सांगून तिथे उपयोगही नसतो. या औषधांचे दोन वेगळे वर्ग आहेत. एक अ‍ॅस्पिरिनसारखी, ती चालू असली तरी इंजेक्शन देता येतं. दुसरी वॉर्फरिनसारखी, तिचा अंमल असताना इंजेक्शन दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका. डॉक्टरांना पक्कं कळायला हवं होतं, आणि घड्याळ चालूच होतं.

इकडे त्या मुलीने वहिनींना पोलिसांच्या गाडीत बसवून हॉटेलवर नेलं होतं. वहिनी हे सांगताना अजून मधेच थांबतात. खोलीचं दार उघडल्यावर ती मुलगी उंबऱ्याबाहेर, हॉटेलच्या माणसाशेजारी उभी राहिली. आत पाऊल टाकलं नाही. वहिनींचे हात थरथरत होते, त्यांनी अख्खी बॅग पलंगावर उलटी केली. मेथीचे थेपले, लीलो चेवडो, लोकरीचे मोजे, आणि तळाशी औषधांचा बटवा. तेव्हा त्यांनीच तिला आत बोलावलं. तिने पट्ट्या पाहिल्या, ब्रँडच्या ठळक नावाखाली बारीक इंग्रजी अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं ते शोधलं, आणि गाडीपर्यंत जायच्याही आधी रुग्णालयातल्या आपल्या सहकाऱ्याला फोन लावून एकेक अक्षर वाचून दाखवलं. तिकडे त्यांनी ते कागदावर उतरवून डॉक्टरांच्या हातात दिलं. अ‍ॅस्पिरिन.

डॉक्टरांनी मान डोलावली आणि आत गेले. वहिनी पोचल्या तेव्हा इंजेक्शन सुरू झालं होतं.

हे सगळं मी नंतर पुन्हा पुन्हा मनात जुळवून पाहिलं. त्या दोन पोलिसांनी अँब्युलन्स बोलावली, तिथे त्यांचं काम संपलं होतं. आजारी माणूस त्यांच्या हद्दीतून गेला होता, गुन्हा नव्हता, तक्रार नव्हती, कोणी जाब विचारणार नव्हतं. तरी दोघांनी काम वाटून घेतलं: एकाने वेळ सांभाळली, दुसरीने औषध. आणि दोघांनी मिळून आम्हाला सांभाळलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, या घरात मी वाढलो. पोलीस समोर आला की खिसे चाचपायचे, कागद शोधायचे, कमीत कमी बोलायचं, ही आमची सवय. चौकीत शिरतानाही मनाच्या एका कोपऱ्यात पासपोर्टची काळजी होतीच, कारण तिथे परदेशी माणसाने तो कायम जवळ बाळगायचा असा नियम आहे. त्या संध्याकाळी तो कोणी आम्हाला मागितला असेल तर फक्त रुग्णालयाच्या कारकुनाने.

आपल्याकडे असं घडतच नाही, असं मला म्हणायचं नाही. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा छातीभर पाण्यातून म्हाताऱ्या माणसांना पाठीवर घेऊन येणारे पोलीस आम्ही पाहिले आहेत. पण ते आपलं गाव, आपली माणसं. परक्या देशात, ज्यांची भाषा आपल्याला येत नाही आणि आपली त्यांना येत नाही, अशांनी आपल्या भावाला घरच्यासारखं जपावं, हे आतवर पोचतं.

दुसऱ्या दिवशी पन्नाशीचे ते गृहस्थ रुग्णालयात आले. दादांची टोपी नदीकाठी पडली होती ती घेऊन. वहिनींची एका छापील कागदावर सही घेऊन रीतसर परत केली. दादांची वाचा तेव्हा परतायला लागली होती; जड, पण कळेल अशी. डॉक्टर रोज आम्हालाच विचारत, बोलणं पूर्वीसारखं आहे का, कारण मराठीतली अडखळ आम्हीच ओळखू शकत होतो. दादा उशीवरून म्हणाले, "फार उपकार झाले." मी इंग्रजीत सांगायला लागलो, तोवर त्या गृहस्थांनी कंबरेत वाकून नमस्कार केलाही होता. वहिनींनी चेवड्याचं पाकीट पुढे केलं. ते दोन्ही हातांनी नको म्हणाले. पोलिसांना तिथे काही घेता येत नाही. वहिनींनी फार आग्रह केला नाही. त्यांनी हात जोडले, आणि मी त्यांना त्या सकाळी गरुडापुढे पाहिलं होतं त्याहून जास्त वेळ ते तसेच जोडलेले राहिले.

दादांना विमानप्रवासाला परवानगी मिळेपर्यंत आम्ही क्योटोतच थांबलो. प्रवासाचा विमा होता, म्हणून रुग्णालयाचा खर्च झेपला; जपानमध्ये परदेशी माणसाला उपचाराचे पूर्ण पैसे भरावे लागतात, तेव्हा ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी विम्यात कुचराई करू नये. आणि औषधांची मूळ नावं, मात्रा, कशासाठी घेतो ते, असा इंग्रजी कागद पासपोर्टच्या पाकिटातच ठेवावा. वहिनींनी आता आमच्या नात्यातल्या सगळ्यांचे तसे कागद करून दिलेत, ज्यांना कुठेच जायचं नाही त्यांचेसुद्धा.

दादांचा उजवा हात अजून लिहिताना थकतो. तरी क्योटोच्या पोलीस खात्याला पाठवायचं पत्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, देवनागरीत, दोन ओळी लिहून थांबत. पुण्यात जपानी शिकणाऱ्या भाचीने त्याचं भाषांतर केलं, दोन्ही प्रती एका पाकिटात घातल्या. त्या दोघांनी नावं सांगितली नव्हती. म्हणून दादांनी पत्रात पुलाचं नाव लिहिलं, तारीख लिहिली, वेळ लिहिली 4 वाजून 8 मिनिटं, आणि विनंती केली की त्या वेळी त्या चौकीत कामावर कोण होतं ते पाहावं आणि हे पत्र त्यांना द्यावं, शक्य असेल तर त्यांच्या साहेबांसमोर.