भुताची गोष्ट पसरवली कोणी?

गुरुवार, रात्री उशिरा

मला भुताखेताच्या गोष्टी आवडतात हे घरी सगळ्यांना पाठ झालंय, हॉरर पिक्चरमधला अमेरिकन नट टोनी टॉड का आवडतो हे कोणालाच कळत नाही (आईला फोटो दाखवला तर म्हणाली बाई गं, केवढा उंच हा माणूस), आणि हल्ली अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा इतिहास वाचायचं जे वेड लागलंय ते नवऱ्याच्या मते पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त भीतीदायक आहे. त्याचं काही चूक नाही म्हणा.

आज परत 'कँडीमॅन' हा हॉरर पिक्चर लावला. १९९२ चा, टॉडवाला. तो नोव्हेंबर २०२४ मध्ये गेला तेव्हापासून हा पिक्चर लावताना जरा वेगळंच वाटतं. साडेसहा फुटाला थोडासाच कमी असलेला देह आणि तो आवाज, तो ओरडत नाही हो, हळू बोलतो, जवळ येऊन काहीतरी खासगी सांगतोय असा, आणि म्हणूनच जास्त टरकते. पिक्चरमधलं त्याचं पात्र म्हणजे गुलामाचा मुलगा, चित्रकार, गोऱ्या मुलीवर प्रेम केलं म्हणून जमावाने हात तोडून अंगावर मधमाश्या सोडून मारलेला. शूटिंगला खऱ्या मधमाश्या होत्या! प्रत्येक डंखामागे १००० डॉलर असं टॉडने आधीच ठरवून घेतलं होतं आणि २३ वेळा चावल्या म्हणे, म्हणजे हिशोब करा. त्याच्या शेवटच्या पिक्चरपैकी एकात तो बराच आजारी होता, तर दिग्दर्शकांनी त्याला सांगितलं की शेवटचं जे बोलायचंय ते तुझ्या मनाने बोल. ते बघताना मी रडले, हॉरर बघून रडणारी मीच असेन.

तर त्यात आरशासमोर पाच वेळा नाव घेतलं की तो येतो. आपल्याकडेही असले आरशाचे प्रकार शाळेत सगळ्यांनी केलेत. पण त्या आरशामागची खरी गोष्ट वाचली आणि मला दोन दिवस बाथरूममध्ये जाताना कसंतरी व्हायचं. शिकागोमध्ये १९८७ साली सरकारी चाळवजा टॉवरमध्ये एकटी राहणारी रूथी मे मॅकॉय नावाची बाई होती. त्या इमारतींत दोन घरांच्या बाथरूमचे औषधांचे कपाट पाठीला पाठ लावून बसवलेले, आरसा ढकलला की पलीकडच्या घरात शिरता येतं आणि चोर शिरायचेही. तिने रात्री पोलिसांना फोन केला की बाथरूममधून लोक आत येतायत. हे ऐकून कोणाला काय वाटणार? बाई भ्रमिष्ट आहे. पोलिस आले, दार ठोकलं, कोणी उघडलं नाही तसे निघून गेले. दोन दिवसांनी ती घरात मेलेली सापडली, गोळ्या घालून मारलेली. पिक्चरमध्ये ती कपाटाची भानगड जशीच्या तशी आहे आणि बघणारे म्हणतात काय भारी आयडिया सुचलीय लेखकाला.

तेव्हापासून मला एक खोड लागलीय. कुठलीही भीतीची गोष्ट ऐकली की आधी विचारायचं, ही पसरवली कोणी, आणि खरी असूनही कोणाची गोष्ट कोणी ऐकून घेतली नाही.

कारण पसरवणारे होतेच. गुलामगिरीच्या काळात मळ्याचे मालक, मुकादम अंगावर पांढऱ्या चादरी घेऊन रात्री फिरायचे, गुलामांनी रात्री बाहेर पडू नये, पळून जाऊ नये, एकत्र जमू नये म्हणून. गुलामगिरी गेल्यावर कु क्लक्स क्लॅनने, म्हणजे काळ्यांना दहशतीत ठेवणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त टोळीने, तोच धंदा पुढे चालवला. आम्ही लढाईत मेलेल्या सैनिकांची भुतं आहोत असं म्हणत दारात यायचे, पाणी मागायचे आणि बादलीच्या बादली घटाघटा प्यायचे, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या शायलोच्या लढाईत मेल्यापासून पाणी मिळालं नाही म्हणे. आत झग्याखाली रबरी नळी आणि पिशवी! असला फालतू नाटकीपणा. आणि लोकांना कळायचं की हे कोण आहे, कितीतरी जणांना कळायचं, १९३० च्या दशकात सरकारने म्हाताऱ्या माजी गुलामांच्या आठवणी लिहून घेतल्या त्यात ते आहे. गुलामांवर पाळत ठेवणाऱ्या रात्रीच्या गस्तवाल्यांचे घोडे पडावेत म्हणून गुलाम रस्त्यावर आडव्या द्राक्षवेली बांधून ठेवायचे हेही आहे. हे वाचून मला काय आनंद झाला काय सांगू.

मग 'रात्रीच्या डॉक्टरां'ची गोष्ट. अंधारात काळ्या माणसाला उचलून नेतात आणि कापतात. मालक लोकच ती वाढवून सांगायचे म्हणे, मजूर शेतं सोडून शहरात जाऊ नयेत म्हणून. म्हणजे थाप? तर नाही ना! जॉर्जियातल्या ऑगस्टाच्या मेडिकल कॉलेजने १८५२ साली ग्रँडिसन हॅरिस नावाचा गुलाम विकत घेतला, काम काय, तर विद्यार्थ्यांना कापून शिकायला रात्री काळ्यांच्या कबरस्तानातून प्रेतं उकरून आणायची. तोही त्यांच्यातलाच, हे सगळ्यात वाईट. थडग्यावरची फुलं नीट लक्षात ठेवायचा म्हणे आणि काम झालं की जशी होती तशी परत मांडायचा. १९८९ मध्ये कॉलेजच्या जुन्या इमारतीच्या तळघरात हजारो हाडं निघाली, बहुतेक काळ्या लोकांची. म्हणजे थापा मारणाऱ्यांची गोष्टही खरीच निघाली, हे मला अजून नीट पचलेलं नाही.

ड्वेन जोन्स या नटाबद्दल लिहायचं राहिलंच. 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड', १९६८. काळा हिरो, आणि घरातल्या बाकी सगळ्यांपेक्षा डोकं शांत असलेला. शेवट सांगते, पन्नास वर्षं होऊन गेलीत, आता कसला सस्पेन्स. रात्रभर उठून चालणाऱ्या प्रेतांपासून वाचतो आणि सकाळी मदतीला आलेले गोरे बंदूकवाले त्यालाच प्रेत समजून गोळी घालतात. दिग्दर्शक रोमेरो पिक्चरची प्रिंट गाडीत घालून न्यूयॉर्कला निघाला होता आणि रेडिओवर काळ्यांचे नेते मार्टिन लूथर किंग यांना गोळी घालून मारल्याची बातमी लागली. जोन्स पुढे कॉलेजात शिकवायचा, १९८८ मध्ये गेला. इतक्या कमी पिक्चरमध्ये दिसला की राग येतो.

आता हे सगळं वाचताना डोक्यात सारखे जोतीराव फुले येत होते. १८७३ चं 'गुलामगिरी', अमेरिकेत गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केलेलं, हे शाळेत एका मार्काला होतं आणि तेवढंच लक्षात राहिलं. पण आत काय आहे, धोंडिबा प्रश्न विचारत जातो आणि जोतीराव अवताराच्या गोष्टी एकेक सोलून काढतात, ही कोणी रचली, कोणाच्या फायद्याची. वाचताना हसूही येतं, धोंडिबा भारी आहे. रबरी नळीवाल्या क्लॅनचं त्याने काय केलं असतं असा विचार करत बसले.

शनिवारी अश्विनी येतेय 'कँडीमॅन' बघायला, लाईट चालू ठेवायच्या अटीवर. शिकागोच्या कपाटाचं तिला आधी सांगितलं तर बघणारच नाही आणि नंतर सांगितलं तर माझ्याकडच्या बाथरूमला जाणार नाही, रात्री मुक्कामाला आहे ती. बहुतेक नंतरच सांगेन.